वीरभद्र घेवारी यांच्या डाव्या पायाबाबत

जबाब

नाव: कालिंदी दत्तोपंत वडणगेकर. वय: ४१ वर्षे. व्यवसाय: फिजिओथेरपिस्ट, तसेच एका खासगी संस्थेत फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना ‘औषधांची तोंडओळख’ हा विषय शिकवणे. राहणार: शिवाजी पेठ, कोल्हापूर. दिनांक: २० मे १९९९.

मी आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. व्यवसायाच्या जागी हवालदार हंबीरराव ‘मालिश’ असे लिहिणार होते. पेन कागदाला टेकण्याआधी मी त्यांना थांबवले, म्हणून वर बरोबर लिहिले गेले आहे. या शहरात मला ‘व्यायामाच्या बाई’ म्हणतात, ते मी चालवून घेते. ‘मालिशवाल्या’ चालवून घेत नाही.

माझ्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत क्लिनिक आहे. अर्धांग झालेले, हाड मोडून प्लास्टर निघालेले, तालमीत किंवा फुटबॉलच्या मैदानात गुडघा दुखावून घेतलेले असे पेशंट माझ्याकडे येतात. काहींच्या घरी मी जाते. मी व्यायाम शिकवते, शेक देते, चालायला लावते. औषध देण्याचा मला अधिकार नाही, आणि हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. मग आम्ही औषधे शिकायची तरी कशाला, असे एखादा दर वर्षी विचारतोच. त्याला मी सांगते की, पेशंटच्या पोटात काय गेले आहे हे ठाऊक नसेल, तर तुमच्या हाताला जे लागते आहे ते त्याचे अंग आहे की गोळी, हे तुम्हाला समजणार नाही.

श्री. राजशेखर बसलिंग घेवारी यांनी माझ्याविरुद्ध दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. त्यांचे थोरले भाऊ वीरभद्र हे ९ मे रोजी स्वतःच्या मुलीच्या लग्नात पडले आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात वारले. पाय सैल करणारी गोळी जास्त झाल्यामुळे ते पडले असावेत, असे मत तिथल्या डॉक्टरांनी एकट्या राजशेखर यांना सांगितले आहे. ती गोळी मी दिली, असे राजशेखर यांचे म्हणणे आहे. गोळी कोणी दिली एवढेच सांगा, बाकी पाल्हाळ नको, असे मला सांगण्यात आले. परंतु पाय कसा होता हे समजल्याशिवाय गोळीने काय केले हे समजणार नाही. म्हणून मी क्रमाने सांगते. नेमके सांगण्याची मला सवय आहे. ती खोड आहे असे माझे वडील म्हणत असत.

वीरभद्र हे घाऊक चहापत्तीचे व्यापारी होते. वय ६१. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांना डाव्या बाजूचे अर्धांग झाले. वाचा शाबूत राहिली. घरात पत्नी अक्काताई, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि एकुलती मुलगी सौंदर्या, वय २२, बी.कॉम. झालेली. वरच्या मजल्यावर राजशेखर व त्यांचे कुटुंब. दवाखान्यातून घरी आणल्यापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात होते. एकही चहा मला तिथे चुकला नाही. चहा कसा झालाय, हे वीरभद्र दर वेळी विचारत आणि मी काही बोलण्याआधीच त्यातली खोट स्वतः सांगत.

लोकांना वाटते, अर्धांग म्हणजे अंग लुळे पडणे. सुरुवातीला ते पडतेच. पुढे मात्र पुष्कळांचे अंग उलट आवळत जाते. वीरभद्र यांची डावी मूठ आवळलेली असे आणि डावा पाय गुडघ्यात ताठ. सदऱ्याचे बटण, पिशवीची गाठ, गोळ्यांची पट्टी, ज्याला दोन हात लागतात ते काहीच त्यांना एकट्याने जमत नसे. रात्री पायात गोळे येऊन झोप मोडायची, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना बॅक्लोफेन नावाची गोळी रात्री एक अशी लिहून दिली होती. ती मुलगी सौंदर्या पट्टीतून फोडून त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवायची.

तो ताठ पाय घरच्यांना शत्रू वाटत असे. तसा तो नव्हता. वीरभद्र काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते, त्या त्याच पायाच्या जिवावर. मांडीच्या स्नायूत स्वतःची अशी ताकद थोडीच उरली होती. गुडघा आवळून ताठ राहायचा, म्हणून अंगाचा भार पेलायचा. दाराला अडसर असतो तसा तो ताठरपणा होता. व्यायामाने ताकद आणायची आणि ताकद येईल तसा अडसर हळूहळू काढायचा, असे माझे काम चालले होते. त्याला वेळ लागतो. घाई केली की माणूस पडतो.

वेळच मिळाला नाही. सौंदर्याचे लग्न कुरुंदवाडच्या भुसार व्यापाऱ्यांकडे, श्री. सोमशेखर यांच्याशी ठरले होते. मेच्या मध्यापासून अधिक महिना लागणार आणि त्यानंतर पाऊस, म्हणून ९ मेचा मुहूर्त धरला. त्यांच्यात लग्नाआधी मठाच्या स्वामींची पाद्यपूजा मुलीच्या आईवडिलांनी करायची असते. पाटावर मांडी घालून बसायचे आणि स्वामींचे पाय धुवायचे. वीरभद्र यांनी खुर्चीवर बसून पूजा करावी, असे मी सुचवले. खुद्द स्वामींनी निरोप पाठवला होता की, भक्ती खुर्चीत बसूनही होते. त्यावर राजशेखर माझ्यासमोर मोठ्याने म्हणाले, “स्वामी मोठ्या मनाचं हायत, म्हणून आपण खुर्च्या टाकायच्या व्हय? कुरुंदवाडचं पावणं काय म्हणतील? अण्णा, आपल्या घरात कोण बसलंय खुर्चीवर?”

राजशेखर वर गेल्यावर वीरभद्र मला म्हणाले, “बाई, एक डाव मांडी घालून दे. मग पाय न्हाई उचलला तरी चालंल. पोरीच्या लग्नात उंच खुर्चीवर बसलेला बाप म्हंजे गल्ल्यावर बसल्यागत दिसतोय.” मी त्यांना म्हटले की, तुम्ही जन्मभर गल्ल्यावरच बसलात, त्यात लाज कसली. ते हसले. सौंदर्या दारात उभी होती, ती हसली नाही.

यानंतर लग्नाच्या आठवड्यातली एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. एका संध्याकाळी व्यायाम झाल्यावर मी स्वयंपाकघरात चहाला बसले होते. तिथे मला घरातल्या कोणीतरी विचारले की, “बाई, ती रातची गोळी हाय, तिनं पाय सैल पडतोय म्हणं. व्हय?” कोणी विचारले ते मला आठवत नाही. लग्नघर होते, माणसे पुष्कळ होती.

मी शिक्षिका आहे. मला कोणी प्रश्न विचारला की बरे वाटते. माझ्या वर्गात पंचवीस जण जांभया देतात, आणि इथे कोणीतरी पदराला हात पुसत मन लावून ऐकत होते. मी सांगितले की, गोळी पायात जाऊन काही करत नाही. ती पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत काम करते. तिथून स्नायूला ‘आवळ, आवळ’ असा निरोप सारखा जात असतो. गोळी तो निरोप बारीक करते, जसा लाऊडस्पीकरचा आवाज बारीक करावा. मग स्नायू सैल पडतो. गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत तिचा जोर चांगला असतो, हेही मी सांगितले. कारण तेही विचारण्यात आले होते.

हा धड्याचा पहिला भाग झाला. दुसरा भाग असा आहे की, ज्या ताठरपणावर माणूस उभा आहे तोच काढून घेतला तर माणूस खाली येतो. शिवाय या गोळीने गुंगी येते, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उभे राहताना चक्कर येऊ शकते. वीरभद्र यांना रक्तदाबाची गोळी रोज सकाळी होती. हा दुसरा भाग मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. त्या दिवशी मी तो सांगणार, तोच बाहेरून अक्काताईंची हाक आली, “कासार आलाय गं, चल, तुझं हात पहिलं.” समोरची व्यक्ती उठून बांगड्या भरायला गेली. चहा संपवून मी घरी आले. उद्या सांगू, असे मनात म्हटले. दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि माझ्याही डोक्यातून ते गेले.

हे सांगायची गरज नव्हती, असे हवालदारांचे म्हणणे पडले. गरज आहे. अर्धा सांगितलेला धडा हा न सांगितलेल्या धड्यापेक्षा वाईट असतो. न सांगितलेला असता, तर कोणी काही केले नसते.

नऊ तारखेला रविवार होता. सकाळचे पेशंट आटोपून मी लग्नाच्या कार्यालयात पोहोचले. पाद्यपूजेची तयारी झाली होती. वीरभद्र स्टेजजवळ खुर्चीत बसले होते. फेटा बांधलेला होता आणि तो त्यांना शोभत होता. मी नमस्कार केला. त्यांनी जांभई देत “या बाई” म्हटले. डोळे जड दिसत होते. हळदीपासून झोप नाही त्यांना, असे अक्काताई म्हणाल्या. मी ते मान्य केले. पेशंट समोर आला की पहिला प्रश्न काय, तर आज काय घेतले आणि कधी घेतले. हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. मी जरीची साडी नेसून लग्नाला आले होते आणि आज आपण पाहुण्या आहोत, असे मला वाटत होते.

मी बायकांच्या बाजूला मागे जाऊन बसले. दोघांनी धरून वीरभद्र यांना स्टेजवर नेले. चालताना त्यांचे डावे पाऊल नेहमी आपटायचे. तो आवाज माझ्या कानात बसलेला आहे. त्या दिवशी तो आला नाही. मी मान वर करून पाहिले. पाटाजवळ त्यांना खाली बसवत होते, आणि डावा गुडघा वाकला. नुसता वाकला नाही, पिळलेल्या टॉवेलची पडावी तशी पायाची घडी पडली. दिवाळीपासून जी मांडी मला घालून देता आली नव्हती, ती वीरभद्र यांनी सगळ्यांसमोर घातली.

कार्यालयात एकच गलका झाला. राजशेखर यांनी डोळ्यांना उपरणे लावले. शेजारच्या बाईने माझा हात धरून, “तुमच्या हाताला गुण हाय बघा,” असे म्हटले. आणखी दोघी-तिघी मागे वळून माझ्याकडे बघू लागल्या. सौंदर्या स्टेजच्या कडेला शालू नेसून उभी होती. तिने गर्दीत मला शोधून काढले आणि ती हसली. वडील मांडी घालून बसले म्हणून कोणतीही मुलगी हसेल, तशीच ती हसली. त्याचा दुसरा काही अर्थ नाही.

व्यायामाने असा पाय सुटत नाही. पाय असा सुटतो तो एकाच कारणाने, आणि ते कारण मला माहीत होते. बसून असेपर्यंत धोका नाही, उभे राहिले की आहे, हेही माहीत होते. मी उठले आणि पुढे जाऊ लागले. मधे खुर्च्या, पोरे, अक्षतांची ताटे. पूजा होईपर्यंत मी निम्म्या वाटेवर आले होते. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, “अण्णा, स्वामींसंगट एक उभ्यानं हुंदे. काठी नगो, काठी फोटूत वंगाळ दिसतीया.” मी ओरडले, “उठवू नका! बसू द्या त्यांना!” माइकवरून कोणीतरी पाहुण्यांची नावे वाचत होते. एका गृहस्थाने मला “हो हो, जागा हाय, बसा की,” असे सांगितले.

दोघांनी काखेत हात घालून त्यांना उठवले. ते उभे राहिले. मग त्यांनी त्या दोघांचे हात बाजूला सारले. मी ते पाहिले. ते कॅमेऱ्याकडे बघत होते. स्वामींच्या बाजूला सरकायला त्यांनी उजवा पाय उचलला आणि भार डाव्यावर आला. डाव्यात काही नव्हते. ते डावीकडे, स्टेजच्या पायरीवर पडले. डोके फरशीच्या कडेवर आपटले. मी पोहोचले तेव्हा फेटा सुटून पायरीवर पडला होता, आणि “काय झालं गं, काय झालं,” असे अक्काताई हवेत हात फिरवत विचारत होत्या, कारण त्यांना दिसत नव्हते.

त्यांना मी आणि राजशेखर यांनी गाडीत घातले. मागे अक्षता उरकून घेतल्या, मुहूर्त टाळता येत नाही म्हणून. खुब्याचे हाड मोडले होते, पण जीव गेला तो डोक्यातल्या रक्तस्रावाने. अर्धांगामुळे रक्त पातळ राहण्याची गोळी त्यांना चालू होती, त्यामुळे स्राव लवकर थांबला नाही. तेरा तारखेला पहाटे ते वारले. राजशेखर यांनी दवाखान्यात माझ्याशी बोलणे बंद केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खुर्ची नको म्हणणारे ते पहिले होते, आणि माझ्या अंदाजाने ते त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. माणसाला एवढे ओझे एकट्याने उचलत नाही. तो ते कोणावर तरी टाकतो.

माती झाल्यावर मी घेवारींच्या घरी गेले होते. राजशेखर घरात नव्हते. सौंदर्या माहेरी आली होती, चुडा तसाच होता. अक्काताईंनी मला जवळ बसवून हळूच सांगितले की, कुरुंदवाडला सासूने पोरीला पांढऱ्या पायाची म्हटले. उंबऱ्यावरचे माप ओलांडले आणि बाप गेला, असे म्हटले. जावई चांगला आहे, पण आईपुढे बोलत नाही. या गोष्टीचा तपासाशी संबंध नाही, असे हवालदार म्हणाले. संबंध आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते तसेच लिहावे.

मी निघताना सौंदर्या मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली. ती रडत नव्हती. ती मला म्हणाली, “बाई, मी सारखं एकच मनात आणतो बघा. पडायचं ते कुठंबी पडलं असतं अप्पा. पण एक डाव मांडी घालून बसलं. सगळ्यांनी बघिटलं. व्हय की न्हाय? तेवढं तरी झालं.” मी “व्हय” म्हटले. तिच्या हातात आज तेवढी एकच गोष्ट आहे. मला त्या मुलीचा लळा आहे, हे मी लपवत नाही.

विचारल्यावरून सांगते की, त्या दिवशी सकाळी वीरभद्र यांना गोळी देताना मी कोणालाही पाहिले नाही. मी तिथे नव्हते. पुन्हा विचारल्यावरून सांगते की, माझ्या मते त्यांनी ती स्वतःच घेतली असावी. त्यांना मांडी घालायची फार इच्छा होती.

त्यावर हवालदार हंबीरराव यांनी आधीची पाने उलटली आणि मला विचारले, “एका हातानं? पट्टी त्यांना फुटत न्हवती म्हणून तुमीच सांगिटलंय की वर. पोरगी फोडून द्याची म्हणून. आनि कासार आल्यावर पयलं हात कुनाचं भरत्यात, ते मलाबी ठावं हाय बाई. दोन पोरी उजवल्यात म्या.”

मी पाणी मागितले. ते देण्यात आले.

हवालदार म्हणाले की, मी खरे तेवढे सांगावे, म्हणजे माझ्यावरचा अर्ज निकालात निघेल. मुलीला दोनदा बोलावून विचारावे लागेल. नकळत केलेले आहे, फार काही होणार नाही. मी त्यांना विचारले की, तिला बोलावून काय विचारणार. ते म्हणाले, किती गोळ्या दिल्या, कधी दिल्या, एवढेच. मी म्हटले, म्हणजे तिला कळणार. ते म्हणाले, “काय कळणार?” मी म्हटले, वडील कशाने पडले ते. मग ते त्यांच्या लक्षात आले.

त्यांना स्वतःला दोन मुली आहेत, म्हणून मी सरळ बोलले. ‘ती मुलगी सौंदर्या पट्टीतून फोडून त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवायची’ हे वाक्य खोडावे, अशी मी विनंती केली. कासाराचेही खोडावे. त्यांनी सांगितले की, लिहून झालेले खोडता येत नाही. साहेब विचारतात, कोर्ट विचारते. आणखी काही सांगायचे असेल तर खाली पुढे सांगता येते.

म्हणून मी पुढे सांगते की, गोळ्या मी दिल्या.

आठ तारखेला संध्याकाळी, व्यायामाच्या वेळी, त्यांच्याच पट्टीतून दोन गोळ्या काढून मी कागदात गुंडाळल्या आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. उद्या न्याहारीनंतर घ्या, पाय सैल पडेल, असे सांगितले. कागदाची घडी एका हाताने सोडता येते. त्याला दुसरा हात लागत नाही. खोलीत दुसरे कोणी नव्हते. अक्काताईंना दिसत नाही आणि मुलीला यातले काही माहीत नाही. तिने रात्रीची गोळी रोजच्याप्रमाणे दिली असेल. ती डॉक्टरांनीच लिहून दिलेली आहे आणि तिचा या घटनेशी संबंध नाही. लग्नाच्या दिवशी मी त्यांना काय घेतले हे विचारले नाही, असे वर लिहिले आहे. ते विचारले नाही, कारण ते मला माहीत होते. मांडी पडलेली बघून मी उठून पुढे निघाले, तेही त्यामुळेच. स्वयंपाकघरात मला प्रश्न विचारला गेला असे मी सांगितले आहे. तो मोघम प्रश्न होता. लग्नघरात बायका काहीही विचारतात.

औषध देण्याचा मला अधिकार नाही, हे मला पूर्वीपासून माहीत आहे आणि तसे वर मी स्वतःच सांगितले आहे. यामुळे क्लिनिक बंद करावे लागेल आणि शिकवणेही, याची हवालदारांनी मला स्पष्ट कल्पना दिली. ते म्हणाले, “बाई, इचार करा. उद्या या. म्या आज हे पान लिवलंच न्हाई असं समजा.” मी म्हटले, लिहा. उद्या मला इतके सुसंगत सांगता येणार नाही.

या जबाबाचा जो काही भाग घेवारींच्या घरी वाचून दाखवायचा असेल, तो या शेवटच्या पानावरचा दाखवावा.

मी हे कोणाच्या दबावाखाली सांगत नाही. मी कोणत्याही गोळीच्या अमलाखाली नाही. आज मी काय घेतले आहे असे कोणी विचारल्यास, सकाळी चहा आणि इथे पाणी.

हवालदार हंबीरराव यांनी संपूर्ण जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मधे दोन ठिकाणी ते थांबले, त्याचे कारण मी विचारले नाही. शेवटी ‘खरा व माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे’ असे ते लिहिणार होते. पेन कागदाला टेकण्याआधी मी त्यांना थांबवले आणि पहिला शब्द गाळायला सांगितले. त्यांनी तो गाळला.

माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे.

सही: कालिंदी दत्तोपंत वडणगेकर